उसाच्या पेशीतील पाठराखीण



लागणीचा हंगाम जवळ आला की गावोगावच्या गट सभांत बेण्याचा विषय निघतोच. शेतकी खात्याची माणसे उष्ण प्रक्रिया केलेल्या बेण्याचा आग्रह धरतात आणि सभासदांतून हमखास एक प्रश्न येतो, "अहो, ५४ अंशांत अडीच तास वाफवलेलं बेणं उगवेल कसं? उकडलेला शेंगदाणा कधी रुजतो का?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे वैशाखात पारा ४२-४३ वर गेला तरी पिके माना टाकतात. मग ५४ अंश सोसून डोळा जिवंत राहतो कसा, आणि त्याच तावात रोगाचा जंतू मरतो कसा, हे समजल्याशिवाय शेतकऱ्याने भरवसा का ठेवावा? "शिफारस आहे म्हणून करा" एवढ्या उत्तराने आमचेही समाधान होत नाही. म्हणून या अंकात त्यामागचे शास्त्र जरा सविस्तर मांडत आहोत.

या प्रश्नाचे उत्तर उसाच्या कांडीत, कांडीतल्या डोळ्यात आणि डोळ्यातल्या एकेका पेशीत आहे. तिथे काही प्रथिने दुसऱ्या प्रथिनांना सांभाळण्याचे काम करतात. ताव वाढला की ती धावून येतात. त्यांची ओळख आपण करून घेऊ.

घडी बसली तर प्रथिन

प्रथिन म्हटले की आपल्याला डाळ, दूध, अंडी आठवतात. पण प्रथिन हे नुसते खाद्य नव्हे. पेशीतले जवळजवळ प्रत्येक काम प्रथिनेच करतात. मुळाने शोषलेले अन्न पेशीत आत घेणे, पानात साखर तयार करणे, ती कांडीत साठवणे, नवी पेशी बांधणे, या प्रत्येक कामाला वेगळे प्रथिन असते. ऊस वाढतो तो लाखो प्रथिनांच्या राबण्यावर.

हे प्रथिन तयार होते लांबलचक माळेसारखे. अमिनो आम्लांचे मणी एकापुढे एक ओवले जातात. पण नुसती माळ कामाची नाही. तिला ठराविक वळणे घेत, ठराविक घडी घालत नेमका आकार धरावा लागतो. कुलपाला किल्ली लागावी तसा तो आकार कामाला लागतो. किल्ली वाकली तर लोखंड तेच राहते, कुलूप मात्र उघडत नाही. प्रथिनाचेही तसेच. घडी मोडली की काम थांबले.

ही घडी कशी घालायची याची माहिती माळेतल्या मण्यांच्या क्रमातच असते, हे अमेरिकेतील ख्रिश्चन आन्फिन्सन यांनी दाखवून दिले. परीक्षानळीत त्यांनी एका प्रथिनाची घडी पार उलगडली आणि योग्य परिस्थिती मिळताच ते प्रथिन आपणहून पुन्हा मूळ आकारात आले. या कामासाठी त्यांना १९७२ साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

पण परीक्षानळी वेगळी आणि पेशी वेगळी. परीक्षानळीत प्रथिनाला मोकळी जागा असते. पेशीत आठवडी बाजारासारखी दाटी असते. खांद्याला खांदा लागलेला, पाय ठेवायला जागा नाही. अशा गर्दीत घडी उलगडली तर काय होते, ते आपण रोज पाहतो, फक्त त्या नजरेने पाहत नाही.

गुऱ्हाळात हवी ती गुठळी

अंडे उकडले की आतला पाण्यासारखा बलक पांढरा घट्ट होतो. त्यात बाहेरून काही पडलेले नसते. उष्णतेने प्रथिनांच्या घड्या सुटतात आणि सुटलेल्या माळा एकमेकींना चिकटून गोळा होतात. अंडे गार केले म्हणून ते पुन्हा पातळ होत नाही. एकदा गुठळी झाली की झाली.

आपल्या गुऱ्हाळावर हेच घडते. काहिलीतला रस तापू लागला की वर मळी धरते आणि गुळव्या ती झाऱ्याने काढतो. त्या मळीत इतर गदळाबरोबर रसातली गोठलेली प्रथिनेही असतात. कारखान्यातही रस तापवून, त्याला चुना व गंधकाचा वायू देऊन, पुन्हा उकळीपर्यंत नेऊन निवत ठेवतात. गदळ एकत्र होऊन तळाशी बसते आणि पुढे प्रेसमड म्हणून बाहेर पडते. त्यातही रसातील प्रथिनांचा वाटा असतो. तिथे प्रथिनांची गुठळी व्हावी अशीच आपली इच्छा असते. झाली नाही तर रस स्वच्छ होणार नाही आणि साखरेला रंग येणार नाही.

पण हीच गुठळी उभ्या उसाच्या जिवंत पेशीत झाली तर तो घात आहे. प्रथिनाच्या काही भागांना पाणी आवडते, काहींना आवडत नाही. ज्यांना पाणी नकोसे असते ते भाग, तेलाचे थेंब पाण्यात एकत्र यावेत तसे, घडीच्या आत दडलेले असतात. ताव वाढला की घडी सैल होते, हे दडलेले चिकट भाग उघडे पडतात आणि शेजारच्या तशाच उघड्या भागाला जाऊन चिकटतात. एकाला दुसरे, दुसऱ्याला तिसरे. बघता बघता गोळा तयार होतो. त्यात अडकलेली प्रथिने कामातून जातात आणि वाटेत येणाऱ्या धडधाकट प्रथिनांनाही ओढतात. असे गोळे वाढत गेले की पेशी मरते. उन्हाने करपलेले पान आपण पाहतो, त्यामागे जी कारणे असतात त्यांपैकी हे एक मोठे कारण.

१९६२ सालची एक नोंद

जिवंत पेशी हे सारे निमूटपणे सोसत नाही, याचा पहिला सुगावा इटलीत लागला. फेरुचो रितोसा नावाचे तरुण शास्त्रज्ञ फळमाशीच्या अळ्यांवर काम करीत होते. फळमाशी म्हणजे पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारी बारीक माशी. अळ्या ज्या उबदार पेटीत ठेवत, तिचे तापमान कुणा सहकाऱ्याने वाढवून ठेवले. दुसऱ्या दिवशी रितोसांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर गुणसूत्रांवर नेहमीपेक्षा वेगळ्याच ठिकाणी फुगवटे आले होते. फुगवटा याचा अर्थ त्या जागेवरचे जनुक कामाला लागलेले आहे. म्हणजे ताव मिळताच पेशीने काही ठराविक जनुके जागी केली होती.

१९६२ साली त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. त्याआधी एका नामवंत नियतकालिकाने, यात जीवशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचे काही नाही, असे सांगून लेख परत केला होता. जागी झालेली जनुके नेमके काय तयार करतात हे कळायला आणखी बारा वर्षे गेली. १९७४ साली आल्फ्रेड टिसिएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की ताव मिळालेल्या माशीच्या पेशीत काही खास प्रथिने झपाट्याने तयार होतात. उष्णतेने जागी होतात म्हणून त्यांना उष्मा-प्रथिने म्हणू लागले. पुढे जंतू, बुरशी, झाडे, जनावरे, माणूस, जिकडे पाहावे तिकडे ती सापडली. नुसत्या उष्णतेनेच नव्हे, तर इतर अनेक प्रकारच्या ताणांतही त्यांपैकी कित्येक प्रथिने तयार होतात असे दिसून आले.

पाठराखीण हे नाव का?

ही प्रथिने करतात काय? इंग्रजीत त्यांना शॅपरोन म्हणतात. जुन्या काळी युरोपात तरुण मुलीबरोबर सांभाळायला जाणारी जी पोक्त बाई असे, ती शॅपरोन. आपल्याकडे या नात्याला अगदी चपखल शब्द आहे, पाठराखीण. नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा तिच्यासोबत एक जाणती बाई जाते. नवख्या घरात मुलगी बावरू नये, भलत्या माणसांत सापडू नये, याची काळजी घेते. मुलगी रुळली की आपल्या घरी परत येते. त्या घरची ती होत नाही.

पेशीतली पाठराखीण हुबेहूब हेच करते. नवख्या किंवा घडी सुटलेल्या प्रथिनाजवळ जाते, त्याचा उघडा पडलेला चिकट भाग झाकून धरते, भलतीकडे चिकटू देत नाही, घडी बसली की सोडून देते. तयार प्रथिनाचा ती भाग होत नाही.

हे नाव १९७८ साली केंब्रिजच्या रॉन लास्की यांनी बेडकाच्या अंड्यातील एका प्रथिनासाठी प्रथम वापरले. १९८७ साली इंग्लंडमधल्याच वॉरिक विद्यापीठातील जॉन एलिस यांनी ते या साऱ्या जमातीला लावले. एलिस यांचे काम आपल्या दृष्टीने विशेष आहे. ते वाटाण्याच्या पानातील रुबिस्को या प्रथिनाचा अभ्यास करीत होते. हवेतला कार्बन वायू पकडून त्याला साखरेच्या वाटेला लावणारे प्रथिन ते हेच. उसाच्या पानातही ते असते. रुबिस्कोचे मोठे तुकडे जुळण्याआधी त्यांना एक दुसरे प्रथिन धरून ठेवते, असे एलिस यांच्या प्रयोगशाळेत आढळले होते. तीच पाठराखीण. तेव्हा ती उन्हाळ्यापुरती येणारी पाहुणी आहे असे समजू नये. रुबिस्को तयार व्हायलाच तिची मदत लागते, आणि रुबिस्कोशिवाय पानात साखर होत नाही.

चार जणींची कामाची वाटणी

पाठराखीण एकच नसते. त्यांच्यात कामाची वाटणी असते आणि त्यांची नावेही वजनाच्या आकड्यावरून पडलेली आहेत. मुख्य चार प्रकार पाहू.

पहिल्या लहान वजनाच्या. त्या डझना-दीड डझनाच्या किंवा त्याहून मोठ्या घोळक्याने राहतात. ताव वाढला की पुढे होऊन सैल पडलेल्या प्रथिनांना नुसते धरून ठेवतात. घडी घालून देणे हे त्यांचे काम नव्हे. गुठळी होऊ न देता वेळ मारून नेणे हे त्यांचे काम. त्यासाठी त्यांना पेशीची शक्ती खर्चावी लागत नाही. झाडांत या लहान पाठराखिणींचे प्रकार जनावरांपेक्षा पुष्कळच अधिक आहेत. कारण उघड आहे. ऊन झाले की बैल झाडाखाली जातो, झाडाने जायचे कुठे?

दुसरी ७० आकड्याची. ही उघड्या चिकट भागाला पकडते आणि सोडते, पकडते आणि सोडते. प्रत्येक वेळी प्रथिनाला घडी घालण्याची नवी संधी मिळते. या पकड-सोडीला शक्ती लागते.

तिसरी ६० आकड्याची. हिला पाठराखीण म्हणण्यापेक्षा कोठी म्हणावे. जंतूंमध्ये ती सात-सात घटकांची दोन कडी एकावर एक ठेवल्यासारखी असते आणि तिला वरून झाकण बसते. गर्दीतून एक प्रथिन आत घ्यायचे, झाकण लावायचे, एकांतात त्याला घडी घालू द्यायची आणि मग बाहेर सोडायचे. फ्रान्झ-उलरिख हार्टल आणि आर्थर हॉरविच यांनी १९८९ च्या सुमारास ही कोठी घडी घालण्यासाठी किती आवश्यक आहे ते उघड केले.

चौथी १०० च्या आसपासच्या आकड्याची. पहिल्या तिघींच्या हातून निसटून गुठळी झालीच, तर ही कामाला येते. ७० आकड्याच्या मदतीने ती गुठळीतून एकेक माळ ओढून काढते, जसा गुंतलेला नाडा एका टोकाने ओढून मोकळा करावा. अंडे उकडले की परत पातळ होत नाही हे खरे, पण जिवंत पेशीत काही गुठळ्या पुन्हा सोडवता येतात, हे सूझन लिंडक्विस्ट यांच्या गटाने १९९४ साली यीस्टवर दाखवले. झाडांतली तिची बहीण १०१ आकड्याची. मोहरीच्या कुळातल्या अरॅबिडॉप्सिस नावाच्या रोपावर २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसले की ही १०१ नसलेले रोप एरवी चांगले वाढते, मात्र कडक ताव आला की वाचत नाही.

पाठराखीण संपली की

या मंडळींचे महत्त्व पटायला घरातलेच उदाहरण घ्या, मोतीबिंदूचे. डोळ्यातले भिंग प्रथिनांनी गच्च भरलेले असते आणि भिंगाच्या गाभ्यातली ही प्रथिने जन्मभर बदलली जात नाहीत. आजोबांच्या डोळ्यात ऐंशीव्या वर्षीही ती लहानपणचीच असतात. त्यांत अल्फा-क्रिस्टलिन नावाचे एक प्रथिन असते. ते इतरांना गुठळी होण्यापासून राखते, हे १९९२ साली जोसेफ हॉरविट्झ यांनी दाखवले. ते लहान पाठराखिणींच्याच घराण्यातले निघाले. आपल्या हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातही या प्रथिनावर महत्त्वाचे काम झालेले आहे. वय वाढते तसा या पाठराखिणीचा साठा कामी येऊन संपत जातो, नवी भरती होत नाही. मग गुठळ्या होतात, भिंग गढूळ होते, आणि आपण म्हणतो मोतीबिंदू पिकला.

पाठराखीण आहे तोवर सारे ठीक, पण तिचा पुरवठा अमर्याद नसतो, एवढे यातून ध्यानात घ्यावे. बेण्याच्या बाबतीत हाच मुद्दा निर्णायक आहे.

आता उसाकडे

अमेरिकेत जो की यांच्या प्रयोगशाळेत १९८४ च्या सुमारास सोयाबीनच्या रोपांवर एक सोपा प्रयोग झाला. रोपे एकदम ४५ अंशांत दोन तास ठेवली तर मरत. पण आधी ४० अंशांत दोन तास ठेवून मग ४५ अंशांत नेली तर तगत. पहिल्या सौम्य तावात रोपांनी पाठराखिणींची फौज उभी केलेली असे.

उसावरचे काम हवाई बेटांवर झाले. तिथे मॉयस्यादी आणि हॅरिंग्टन यांनी १९८९ साली उसाच्या पेशी द्रवात वाढवून त्यांना ताव दिला. ३६ ते ३८ अंशांचा ताव दोन तास दिला की या पेशी नंतर ५४ अंशांचा पंधरा मिनिटांचा ताव सोसू लागल्या. तयारी न केलेल्या पेशींना तोच ताव सोसवत नव्हता. पहिल्या तावानंतर सुमारे आठ तासांनी सहनशक्ती सर्वांत जास्त दिसली. ३६ च्या खाली किंवा ४० च्या वर पहिला ताव दिला तर पुरती तयारी होत नसे. फार कमी ताव म्हणजे इशाराच पोचत नाही, फार जास्त म्हणजे इशारा देणाराच जायबंदी.

ब्राझीलमध्ये उसाच्या जनुकांची मोठी यादी तयार झाली, तेव्हा २००१ साली तीतून पाठराखिणींची जनुके शोधून काढण्यात आली. २००७ साली तिथल्याच कार्लोस रामोस यांच्या गटाने उसाच्या दोन लहान पाठराखिणी वेगळ्या काढून तपासल्या. १७.२ आणि १७.९ असे त्यांचे आकडे. दोघीही बारा-बाराच्या घोळक्याने राहतात. पण एक ज्या प्रथिनाला चांगली सांभाळते, त्याला दुसरी तेवढी सांभाळत नाही. म्हणजे सख्ख्या बहिणी असल्या तरी दोघींनी घरे वाटून घेतलेली.

या शास्त्राच्या आधीच अनुभवाने शहाणे झालेले लोकही होते. अमेरिकेतील लुईझियाना प्रांतात बेण्डा यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी उसाच्या केवडा रोगावर, ज्याला आपण मोझाइक म्हणतो, एक पद्धत बसवली. पहिल्या दिवशी बेणे ५२ अंशांच्या पाण्यात वीस मिनिटे, दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी ५७.३ अंशांच्या पाण्यात वीस-वीस मिनिटे. पहिल्याच दिवशी ५७ अंश दिले तर डोळे जातात. पहिल्या दिवसाच्या हलक्या तावाने बेणे पुढच्या कडक तावाला तयार होते. पाठराखिणींची ओळख पटल्यावर यामागचे कारणही उलगडले.

आपल्या बेण्याची गोष्ट

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उष्ण प्रक्रिया कशासाठी? गवताळ वाढीचा रोग आणि खोडवा खुरटण्याचा रोग हे बेण्यातून पसरतात. त्यांचे जंतू कांडीच्या आत, अन्न-पाणी वाहणाऱ्या नळ्यांत असतात. वरून औषध लावून ते मरत नाहीत. खोडवा खुरटण्याचा रोग तर डोळ्यांना दिसतच नाही, तो काट्यावर दिसतो. ऊस बरा वाटतो, वजन भरत नाही, खोडव्याला आणखी घटते. आपण मात्र जमिनीला नाहीतर खताला दोष देत बसतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये १९४० च्या दशकात हा रोग ओळखला गेला आणि गरम पाण्याची प्रक्रिया हाच त्यावरचा उपाय ठरला.

आपल्याकडे दोन पद्धती प्रचलित आहेत. एक, ५० अंशांच्या पाण्यात दोन तास. दुसरी, ५४ अंशांच्या बाष्पयुक्त उष्ण हवेत अडीच तास. पाणी उष्णता लवकर पोचवते म्हणून त्याचा आकडा कमी, हवा सावकाश पोचवते म्हणून जास्त. या तावात डोळ्यातल्या पेशींच्या पाठराखिणी शर्थीने घड्या राखतात आणि बऱ्याचशा डोळ्यांना वाचवतात. जंतूंना तेवढा वेळ तग धरता येत नाही. या दोहोंमधली पट्टी मात्र अरुंद आहे, बांधावरून चालावे इतकी. म्हणून दोन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्या लागतात.

पहिली, ताव जास्त झाला तर डोळा जातो. पाठराखीण कितीही खमकी असली तरी तिला मर्यादा आहे. दोन-तीन अंशांचा फरक आपल्या हाताला कळतही नाही, डोळ्याला मात्र तो जिवावर बेततो. म्हणून काहिलीत पाणी तापवून, बोट बुडवून अंदाज घेऊन हा उद्योग घरी कोणी करू नये.

दुसरी, ताव कमी झाला किंवा वेळ आवरती घेतली तर तेही घातकच. कारण पाठराखिणी उसाकडेच असतात असे नाही. जंतूंच्या पेशीतही त्या असतात. सौम्य ताव मिळाला तर जंतूही सावरू शकतो. "दोन तासांऐवजी दीड तास केलं, बेणं जरा चांगलं उगवलं" असे कोणी सांगितले, तर रोगही चांगला उगवण्याचा धोका आहे हे त्याला सांगावे.

प्रक्रियेच्या बेण्याची उगवण थोडी उशिरा आणि काहीशी कमी होते हे खरे आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. कडक ताव सोसताना पेशी नेहमीची कामे बाजूला ठेवून पाठराखिणी तयार करण्यात गुंततात. घर सावरायला वेळ लागतो. म्हणूनच प्रक्रियेसाठी दहा-अकरा महिन्यांचे, रसरशीत, निरोगी बेणे घ्यावे लागते. जून झालेल्या, तोडून दोन दिवस उन्हात पडलेल्या, डोळे दुखावलेल्या कांड्यांत सावरण्याची ताकद उरलेली नसते. प्रक्रियेनंतर बेणे सावलीत गार करावे, शिफारशीप्रमाणे बुरशीनाशकात बुडवावे आणि शिळे न करता लावावे. लागणीनंतर ओल तुटू देऊ नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे. उष्ण प्रक्रिया होते ती मूलभूत बेण्यावर. त्यापासून पायाभूत बेणे तयार होते, पायाभूतापासून प्रमाणित, आणि ते प्रमाणित बेणे सभासदाच्या शेतात येते. म्हणजे तुमच्या सरीत पडणारी कांडी ही उकडलेली कांडी नव्हे. ताव तिच्या आजीने सोसलेला आहे. नातीच्या वाट्याला रोगमुक्तीचा वारसा येतो, तावाची झळ येत नाही. "उकडलेलं बेणं आम्हाला देता" ही तक्रार या एका गोष्टीने मिटावी.

उभ्या पिकासाठी

हा लेख बेण्यापुरता असला तरी उन्हाळ्यात उभ्या उसाबद्दलही एक शब्द. सकाळपासून ऊन हळूहळू चढते तेव्हा झाड त्या वेळात आपल्या पाठराखिणी तयार ठेवते. पण त्या तयार करायला झाडाचे अन्न आणि शक्ती खर्च होते. पाण्याची ओल असेल तर पान बाष्प सोडून स्वतःला गार ठेवते आणि पाठराखिणींवरचा भार हलका होतो. ओल तुटली की सारा भार त्यांच्यावर पडतो. सरीत पाचटाचे आच्छादन ठेवले तर ओल टिकते. हे आपण वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. त्याचा फायदा पेशीच्या आतपर्यंत पोचतो हे आता सभासदांच्या लक्षात येईल.

पाचट जाळू नये, बेणे मळा दर तीन-चार वर्षांनी बदलावा, गवताळ वाढीचे बेट दिसताच मुळासकट उपटून नष्ट करावे आणि रोगट फडातले बेणे, शेजाऱ्याचे असले व फुकट मिळत असले तरी, घेऊ नये. प्रमाणित बेणे हवे असलेल्या सभासदांनी आपापल्या गटाच्या शेतकी कार्यालयात लागणीपूर्वी वेळेवर मागणी नोंदवावी. ज्यांना स्वतःचा बेणे मळा करायचा आहे त्यांनी दहा-वीस गुंठ्यांपासून सुरुवात करावी. या लेखासंबंधी काही शंका असल्यास गट सभेत जरूर विचारा. वाफवलेल्या बेण्याबद्दलच्या शंकेतूनच हा लेख झाला, तेव्हा पुढच्या शंकेचेही स्वागतच आहे.